गाडी स्वतःची, दुरुस्ती कोणाच्या हाती?

ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी 'फियाट' टॅक्सी म्हणून बाद झाली. त्या आठवड्यात आठवणींना उधाण आले. कोणी लग्नाची वरात आठवली, कोणी प्रसूतिगृहापर्यंतचा प्रवास. या निरोपाचा एक परिणाम मात्र फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या गल्ल्यांतून अजूनही ज्या थोड्या खासगी फियाट उभ्या आहेत, त्यांचा आधार त्या दिवशी गेला. सुट्या भागांचा बाजार जिवंत होता तो टॅक्सीवाल्यांच्या रोजच्या गरजेमुळे. हौशी मालक त्याच बाजारावर गुजराण करीत होते. गिऱ्हाईक संपले की माल बनवणारा थांबतो आणि मग कार्बोरेटरच्या एका किटसाठी महिनाभर दुकाने पालथी घालावी लागतात.

वरवर पाहता ही मूठभर हौशी लोकांची तक्रार वाटेल. वस्तुतः तसे नाही. आपल्या मालकीची वस्तू आपल्या हातांनी दुरुस्त करून वापरत राहण्याचा मध्यमवर्गीय माणसाचा अधिकार कितपत शिल्लक आहे, हा प्रश्न तिच्यामागे आहे. आज फियाटवाला ज्या अडचणीत आहे, त्याच अडचणीत पंधरा-वीस वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेल्या साध्या मोटारीचा मालकही वेगळ्या वाटेने येऊन पोहोचला आहे.

गिरणगावाचे हात

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या फियाटने मुंबईच्या मध्यमवर्गाला पहिली मोटार दिली. सुमारे अकराशे सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावर गिअर, बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसणारा आणि हाताला लागणारा. प्लग साफ करणे, पॉइंटमधील फट फीलर गेजने मोजणे, टॅपेट बसवणे, पंख्याचा पट्टा बदलणे ही कामे रविवारी सकाळी मालक स्वतः करीत असे. त्यासाठी पाच-सहा पाने, एक पकड आणि शेजारच्या जाणत्या माणसाचा सल्ला एवढे भांडवल पुरे होते.

असा जाणता माणूस या भागात सहज सापडे, याला कारण होते. परळमध्ये रेल्वेच्या कार्यशाळा होत्या, लालबाग-परळच्या गिरण्यांत फिटर, टर्नर आणि जॉबर होते. भाग बाजारात मिळाला नाही तर तो लेथवर करून घेता येई. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला आणि त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. त्यांच्याबरोबर हे कौशल्यही विखुरले. मनोऱ्याच्या तळघरात आज मोटारी उभ्या करायला भरपूर जागा आहे, पण तेथे इंजिन ऑइल बदलू पाहणाऱ्याला सुरक्षारक्षक हटकतो. चाळीतल्या मालकाला तर तेवढीही जागा नाही. त्याची गाडी रस्त्यावर, दुरुस्तीही रस्त्यावर, आणि रस्त्यावरची दुरुस्ती म्हणजे वाहतुकीला अडथळा. गणेशोत्सवाचा मंडप उभा राहू लागला की सुटे केलेले इंजिन तसेच ठेवून गाडी ढकलत दुसऱ्या गल्लीत न्यावी लागते. फार दिवस एका जागी उभी राहिली तर ती बेवारस ठरवून पालिका नोटीस चिकटवते. गाडी सोडून दिलेली आहे की सुट्या भागासाठी थांबलेली आहे, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही.

दोन प्रकारचे जुनेपण

जुन्या गाड्यांविषयी बोलताना एक फरक नेहमी निसटतो. कार्बोरेटरच्या जमान्यातील गाडीचा दोष मालकाला कळतो, पण भाग मिळत नाही. इंधन इंजेक्शनच्या जमान्यातील गाडीचा भाग बहुधा मिळतो, पण दोष कळत नाही. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० हे या संक्रमणाचे बोलके उदाहरण आहे. आरंभी तिला कार्बोरेटर होता. पुढे तिच्यात संगणकीय नियंत्रणाचे इंजेक्शन आले आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा आला. तो दिवा लागला की पाना हातात घेऊन उपयोग नाही. कोड वाचणारे यंत्र हवे. साधे यंत्र स्वस्तात मिळते, मात्र ते केवळ रोगाचे नाव सांगते. नवा भाग बसवल्यावर तो गाडीच्या संगणकाला ओळखायला लावण्याचे काम अनेकदा कंपनीच्या यंत्रणेखेरीज होत नाही.

पावसाळ्यात हा फरक हिंदमाताला स्पष्ट दिसतो. साचलेल्या पाण्यातून जाताना फियाट बंद पडली तर डिस्ट्रिब्युटरचे टोपण काढून कोरड्या फडक्याने पुसायचे आणि पुन्हा चालू करून पाहायचे, हा अनेक पिढ्यांचा उपाय. नव्या धाटणीच्या गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये पाणी शिरले, तर मालकापुढे टोइंगची गाडी बोलावणे एवढाच पर्याय उरतो. आणि तिचे वय पंधरा वर्षे असेल, तर दुरुस्तीचा अंदाज पुष्कळदा गाडीच्या बाजारभावाच्या वर जातो.

सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात असावी की कंपनीच्या ताब्यात, हा वाद देशात नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्तीकारांना मिळू दिली जात नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या अधिकारा'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी संकेतस्थळही सुरू केले. त्यात मोटारींचा समावेश आहे. परंतु माहिती द्या असे सांगणारे संकेतस्थळ वेगळे आणि माहिती न दिल्यास जाब विचारणारा कायदा वेगळा.

टाकीतले नवे दुखणे

या जुन्या दुखण्यांत इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० सालचे होते. ते अलीकडे आणून २०२५ मध्ये गाठण्यात आले. आयात तेलावरील खर्च वाचतो, साखर कारखान्यांना उत्पन्नाचे दुसरे साधन मिळते आणि उसाचे पैसे वेळेवर चुकते होण्यास मदत होते. महाराष्ट्रात तरी या युक्तिवादाला कोणी कमी लेखू नये.

मात्र इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ ते सोडवते. तो गाळ फिल्टरमध्ये आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. जुन्या रबरी नळ्या फुगतात, गॅस्केट कडक होऊन गळू लागतात, आणि गरम इंजिनाजवळ गळणारी नळी ही केवळ गैरसोय नव्हे, तो आगीचा धोका आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलहून ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींच्या इंधनक्षमतेत सहा ते सात टक्के घट गृहीत धरली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागतील हे मान्य केले, पण काम स्वस्त व सोपे असल्याचेही सांगितले. ज्या गाडीचे भाग बाजारात आहेत तिच्या बाबतीत हे खरे आहे. ज्या गाडीचे भागच मिळत नाहीत, तिच्या मालकाला या आश्वासनाचा उपयोग नाही.

ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र आणले, तेव्हा जुन्या वाहनांसाठी पाच टक्क्यांचे पेट्रोल महागड्या प्रतीत चालू ठेवले. आपल्याकडे असा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

वय की प्रकृती?

धोरणाचा रोख मात्र वयावर आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार झाले. राज्याचा पर्यावरण कर निराळा. दुसऱ्या टोकाला, पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातील गाडीला २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' दर्जा मिळतो, पण ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे १९८५ ची पद्मिनी तरुण नाही आणि वारसाही नाही. तिच्यासाठी नियमांत केवळ वाढते शुल्क आहे.

दिल्लीत वयाच्या निकषाचा घोळ सर्वांनी पाहिला. १ जुलै २०२५ पासून जुन्या गाड्यांना इंधन न देण्याचा निर्णय काही दिवसांतच स्थगित करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये मालकांना संरक्षण दिले आणि डिसेंबरमध्ये ते बीएस-४ व त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. अर्थात निकष वयाकडून उत्सर्जनाकडे सरकला. मुंबईतही उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२५ च्या आदेशानंतर पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने हटवण्याची शक्यता तपासण्यासाठी राज्याने समिती नेमली. तेव्हा हा प्रश्न येथेही फार दूर नाही.

जुन्या गाडीची कैफियत मांडताना दुसरी बाजू लपवण्याचे कारण नाही. कार्बोरेटरच्या गाडीचा धूर नव्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक असतो, आणि तो चाळीच्या खिडक्यांतूनच आत जातो. घरी केलेल्या दुरुस्तीत ब्रेकची नळी सैल राहिली तर किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. काढलेले काळे ऑइल गटारात ओतणारा हौशी मालकही निर्दोष नाही. पण या प्रत्येक आक्षेपाचे उत्तर वयाच्या दाखल्यात नसून तपासणीत आहे. ब्रेक, सुकाणू आणि धूर यांची कसून, प्रामाणिक तपासणी व्हावी. जी गाडी उतरेल ती भंगारात जावी, मग ती आठ वर्षांची का असेना. जी उतरणार नाही तिच्या मालकाला सुटा भाग, दुरुस्तीची माहिती आणि तिला सोसेल असे इंधन, महाग का होईना, मिळावे. वॉर्डात वापरलेले ऑइल जमा करण्याची एखादी जागा असावी, हे मागणे तर अगदीच किरकोळ आहे.

गिरगावातली एखादी जुनी मोटार वर्षाकाठी जेमतेम काही शे किलोमीटर धावते. ती बाद झाल्याने शहराची हवा फारशी सुधारणार नाही. मात्र तिच्यावर हात मारणारा शेवटचा मिस्त्री पेटी बंद करून गावी गेला, तर त्याचे नुकसान पुढच्या गाडीच्या मालकालाही सोसावे लागेल. कारण आज शोरूममधून बाहेर पडणारी गाडीही वीस वर्षांनी जुनी होणारच आहे, आणि तेव्हा तिचे बॉनेट उघडण्याचा अधिकार कोणाकडे असेल, हे आजच ठरत आहे.