शोध कोणाचा, श्रम कोणाचे?

क्वेंटिन टॅरंटिनो या अमेरिकन दिग्दर्शकाने टोकियोतील एका कपड्यांच्या दुकानात एक गाणे ऐकले, हट्ट धरून ती तबकडी दुकानातूनच विकत घेतली, आणि २००३ साली ‘किल बिल’च्या पहिल्या भागात ते गाणे व ते वाजवणाऱ्या तीन स्त्रिया जगापुढे आणल्या. ‘द फाइव्ह सिक्स सेव्हन एट्स’ या जपानी बँडची कथा बहुधा अशीच सांगितली जाते. कथा खोटी नाही. मात्र ती सतरा वर्षे उशिरा सुरू होते. हा बँड १९८६ साली टोकियोत उभा राहिला. चित्रपटातून गाजलेले ‘वू हू’ त्यांनी १९९६ मध्येच ध्वनिमुद्रित केले होते. या दीर्घ उमेदवारीला जिच्यात जागा नाही, त्या कथेस ‘शोध’ हे नाव शोभते काय?

१९८६ हे वर्ष ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानात समान रोजगार संधीचा कायदा अमलात आला. नोकरभरती, कामाची वाटणी आणि बढती यांबाबत मालकांनी स्त्रियांना समान वागणूक देण्याचा ‘प्रयत्न करावा’, एवढाच त्याचा आदेश होता. प्रयत्न न करणाऱ्यास शिक्षा नव्हती. मोठ्या कंपन्यांनी या पळवाटेचा फायदा घेऊन कर्मचाऱ्यांचे दोन वर्ग पाडले. बढतीचा वर्ग जवळजवळ सर्वस्वी पुरुषांचा झाला. चहा देण्याचा, कागद नीट लावण्याचा आणि लग्न ठरताच राजीनामा देण्याचा वर्ग स्त्रियांच्या वाट्यास आला. भेदभावाला स्पष्ट मनाई करणारी दुरुस्ती व्हायला १९९७ साल उजाडले आणि तिची अंमलबजावणी १९९९ पासून सुरू झाली.

करमणुकीचा धंदा याहून वेगळा नव्हता. १९८५ पासून दूरचित्रवाणीवर ‘ओन्यान्को क्लब’ हा तरुण मुलींचा मोठा ताफा गाजत होता. त्यांची गीते लिहिणारा पुरुष, कार्यक्रम आखणारेही दुसरेच. मुलींनी गणवेशात गोड हसून गावे, एवढीच अपेक्षा. अशा काळात योशिको फुजियामा (बँडमध्ये त्यांना ‘रॉनी’ म्हणतात) हिने गिटार हाती घेतली आणि तिची बहीण साचिको ड्रमवर बसली. मुलगी गाते याचे कोणाला नवल नव्हते. ती ड्रम बडवते, कर्कश गिटार वाजवते आणि गाताना किंचाळते, हे मात्र नवे होते. अर्थात त्या एकट्या नव्हत्या. ओसाकात ‘शोनेन नाइफ’ हा मुलींचा बँड १९८१ पासून वाजवीत होता.

त्यांनी निवडलेले संगीतही अर्थपूर्ण आहे. ‘गॅरेज’ म्हणजे १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत मोटार ठेवण्याच्या खोलीत हौशी पोरांनी स्वस्त वाद्यांवर केलेला गोंगाट. ‘सर्फ’ हे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे, लाटेसारखे घुमणारे गिटारवादन. पुढे पंकने सांगितले की चार स्वर धड येत नसले तरी रंगमंचावर चढायला हरकत नाही. जपानने सर्फ संगीत ऐकले ते ‘द व्हेंचर्स’ या अमेरिकन बँडच्या दौऱ्यांमुळे. १९६५ च्या सुमारास विजेच्या गिटारीचे वेड इतके पसरले की काही शाळांनी तिच्यावर बंदी घातली. ते वेड मुख्यतः मुलांचे होते. वीस वर्षांनी मुलींनी तीच गिटार उचलली.

हे अमेरिकेचे उष्टे आहे, असे आपल्यातील काही मित्र म्हणतील. पण सर्फ संगीताचा आद्य वादक डिक डेल याचे पितृकुल लेबनॉनचे, आणि १९६२ मध्ये त्याने वाजवलेले ‘मिसिरलू’ हे पूर्व भूमध्य प्रदेशातील जुने गाणे. उष्ट्याचा हिशोब मांडायचाच, तर तो फार मागे जाईल.

खरा हिशोब पैशाचा आहे. टोकियोतील ‘लाइव्ह हाउस’ नावाच्या छोट्या कार्यक्रमगृहांत नवख्या वादकांना मोबदला मिळण्याऐवजी पदरचे पैसे भरावे लागणे ही सर्रास रीत आहे. ठरावीक तिकिटे वादकांनीच खपवायची, न खपलेल्यांची भरपाईही त्यांनीच करायची. या अटीला ‘नोरुमा’ म्हणतात. शब्द मूळचा रशियन. सायबेरियातील छावण्यांतून परतलेल्या जपानी कैद्यांनी तो कामाचा ठरवून दिलेला वाटा या अर्थाने मायदेशी आणला. समाजवादी वाचकांनी ही नोंद जरा मान खाली घालूनच वाचावी.

‘वू हू’ला यश मिळाले तेव्हाही वाटणी सरळ नव्हती. गाणे मूळचे ‘द रॉक-ए-टीन्स’ या अमेरिकन बँडचे, १९५९ सालचे. त्यात शब्द असे नाहीतच, नुसता हुंकार आहे. पण कर्ता म्हणून नोंद जॉर्ज डोनाल्ड मॅग्रॉ यांची. त्यामुळे रचनेचे मानधन रचनाकाराच्या आणि प्रकाशकाच्या बाजूला जाते. वाजवणाऱ्यांचा संबंध फक्त ध्वनिमुद्रणाशी. बिअरच्या आणि दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातींनी हेच गाणे उचलले. २००४ साली ब्रिटनच्या विक्रीयादीत ते २८ व्या क्रमांकावर पोहोचले. आठ वर्षांत त्या ध्वनिमुद्रणातला एक ठोकाही बदलला नव्हता.

चित्रपटात हा बँड गुंडांच्या बैठकीच्या उपाहारगृहात अनवाणी वाजवताना दिसतो. कॅमेरा पायांवर रेंगाळतो, हे खटकते. पण तिघींना त्याची फिकीर दिसत नाही. एकीची नजर गिटारीच्या तारांवर आहे आणि मागे साचिकोचा ठेका एकदाही डळमळत नाही. प्रेक्षकांना त्या एका रात्रीत उगवल्यासारख्या वाटल्या. चित्रपटानंतर त्यांनी मोठ्या कंपनीचा साचा धरला नाही. ‘वू हू’च्या पलीकडची आपली गाणी घेऊन त्या देशोदेशी दौरे करीत राहिल्या.