बाजारपेठेचा कायापालट आणि वडीलधाऱ्यांचा सल्ला

जुन्या बाजारपेठा व स्थानक परिसर यांच्या सुशोभीकरणाचे वारे सध्या आपल्या राज्यात वाहत आहे. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ व बसण्याची सोय झाली. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर वाहने थांबवून ‘पादचारी दिन’ साजरा होऊ लागला. ही सुचिन्हे होत. परंतु अशा योजनांमध्ये ज्येष्ठ नागरिकांचे स्थान कोणते? बहुधा उद्घाटन समारंभाच्या पहिल्या रांगेत. आराखडा आखला जातो तेथे नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली ज्येष्ठस्नेही शहरांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, ती ३३ शहरांतील वृद्धांशी प्रत्यक्ष बोलून. त्यांत आपली दिल्ली व उदयपूर ही शहरेही होती. अनुभवाचे हे ज्ञान कागदावरील रेषांत सापडत नाही. रस्ता ओलांडणारा माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे गृहीत धरून सिग्नलची वेळ ठरवण्याची पद्धत अनेक देशांत आहे. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरील बहुसंख्य व्यक्तींचा वेग त्याहून कमी असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. १२ मीटरचा रस्ता त्या हिशेबाने दहा सेकंदांत ओलांडला जावा, सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजीबाईंना पंधरा लागतात. त्या पाच सेकंदांत त्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. पदपथाची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी, असे भारतीय रस्ते परिषदेचे मानक सांगते. ते पाळले गेले की नाही, हे दुखऱ्या गुडघ्यांना पहिल्याच पावलाला कळते.

२००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा निर्वाह, वृद्धाश्रम, औषधोपचार व मालमत्तेचे रक्षण यांविषयी बोलतो. रस्त्यांची आखणी हा त्याचा विषय नाही. मात्र १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्याच्या मसुद्यावर कोणालाही हरकती व सूचना नोंदवता येतात. ज्येष्ठ नागरिक संघांनी निमंत्रणाची वाट पाहू नये. निविदा निघाल्यानंतर दिलेला सल्ला म्हणजे वरातीमागून घोडे.

तथापि सल्ला देणाऱ्यांवरही एक जबाबदारी येते. पदपथ मोकळा हवा म्हणून ‘फेरीवाले हटवा’ असे म्हणणे सोपे आहे. पण घराजवळ भाजी देणारी, मासळीची पाटी घेऊन बसणारी भगिनी उठून गेली, तर वृद्धांनी पिशवी घेऊन जावे कोठे? २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत, असे ठरवले आहे. त्यांच्याशी वैर न धरता, चालण्याची व विकण्याची जागा एकत्र बसून आखणे हेच शहाणपणाचे.

शलमोनाचा पुत्र रहबाम याने वडीलधाऱ्यांचा सल्ला झिडकारला आणि राज्य दुभंगले (१ राजे १२). तो सल्ला कोणता होता? प्रजेवरील जू हलके करावे, हा. त्या वृद्धांनी स्वतःसाठी काहीच मागितले नव्हते. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन होते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ (२०१५) या परिपत्रकात नगररचनेत रहिवाशांचा दृष्टिकोन नेहमी विचारात घ्यावा, असा आग्रह धरला आहे. आपल्या धर्मग्रामांतील ज्येष्ठांनी एकदा बाजारातून एकत्र फिरावे, अडचणी लिहून काढाव्यात आणि ते निवेदन वेळेत पालिकेकडे द्यावे. यरुशलेमच्या चौकांत काठी टेकून बसलेले वृद्ध आणि तेथेच खेळणारी मुले, असे नगर जखऱ्या संदेष्ट्याने पाहिले (८:४-५). नूतन बाजारपेठेची हीच कसोटी असावी.