चौलच्या खाडीतला वीर कोण?

लोरेन्सो द अल्मेडा हे नाव निघाले की इतिहास सांगणाऱ्यांना भरते येते. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तचा अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाझ यांच्या आरमारांनी या पोर्तुगीज व्हाइसरॉयपुत्राला गाठले. गोळ्याने पाय फुटला, तरी डोलकाठीच्या बुंध्याशी बसून तो हुकूम देत राहिला आणि तिथेच मेला. पोर्तुगीज कवी कामोंइशने १५७२ च्या महाकाव्यात त्याला अजरामर केले. शूर, निष्ठावान, सद्गुणी असा हा दर्यावरचा सरदार, हा पूर्वपक्ष.

शूर होता, यात वाद नाही. कोचीनची व्यापारी जहाजे राखायला तो आला होता आणि ऐन वेळी त्याने पाय मागे घेतला नाही. पण त्याला अडवले कोणी? पाण्याच्या रेषेखाली भोक पडलेले त्याचे जहाज धारेला लागून मच्छीमारांनी जाळी बांधायला रोवलेल्या खुंटांत अडकले. सोबत्यांनी ओढून पाहिले, निघेना. ज्याने ते खुंट ठोकले त्याला या लढाईशी काही देणेघेणे नव्हते. त्याला मासळी हवी होती.

आता सद्गुणाचे बघू. १५०५ मध्ये कोल्लमला पोर्तुगीज वखारवाला मारला गेला, तेव्हा सूड घ्यायला हाच लोरेन्सो गेला आणि त्याने बंदरातली जहाजे जाळली. दुबळ्यांचे रक्षण हे सरदाराचे ब्रीद म्हणतात. जळत्या जहाजांवरच्या खलाशांना ते कुठे दिसले असेल? मुलाच्या मरणानंतर बापाने, फ्रान्सिस्कोने, डिसेंबर १५०८ मध्ये दाभोळ बेचिराख केले, बायकापोरेही सोडली नाहीत. फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवची लढाई जिंकल्यावर कैदी तोफेच्या तोंडी दिले. बापाचे पाप मुलाच्या माथी नको, मान्य. पण त्या कत्तलीला मुलाच्या बलिदानाचीच सबब होती.

आणि अयाझ? गुजरातच्या सुलतानाने गुलामगिरीतून वर आणलेला माणूस. घराणे नाही. चौलला हाती लागलेल्या पोर्तुगीजांना त्याने नीट वागवले, जखमींवर उपचार करवले आणि शत्रूच्या बापाला पत्र धाडून मुलाच्या शौर्याची तारीफ केली. पुढे ते कैदी धडधाकट परत केले. लोक म्हणतील, तो धूर्त होता, दोन दगडांवर पाय ठेवून होता. होताच. दीवच्या लढाईत तो मागेच राहिला. पण जिंकूनही कैद्याला जगवणारा त्या वर्षभरात एवढा एकच दिसतो. चौलशेजारच्या रेवदंड्याच्या तटाशी चौलच्या लढाईचा फलक लावायचाच असेल, तर त्यावर मला अयाझचे नाव आधी हवे.