बाहेर पडण्याची वाट कोणासाठी?

विज्ञानसाहित्यातील प्रचंड युद्धयंत्रांचा विचार करताना समीक्षेचे लक्ष प्रायः त्यांच्या संहारशक्तीकडे जाते. यंत्र निकामी झाल्यास आतील चालकाने सुटावे कसे, हा प्रश्न तांत्रिक तपशील म्हणून बाजूस ठेवला जातो. वस्तुतः कथेतील समाजाची नीती या तपशिलातच उमटलेली असते. सुटकेची वाट कोणासाठी ठेवली हे पाहिले, की तेथे कोणाच्या प्राणाला किती मोल आहे ते कळते.

‘मोबाइल सूट गंडाम’ या 1979 च्या जपानी चित्रमालिकेचे उदाहरण घेता येईल. तिच्यातील नायकाच्या मनुष्याकृती महायंत्राच्या धडात एक लहान विमान बसविलेले आहे. यंत्र मोडले तरी चालक त्या विमानासह अलग होऊ शकतो. परंतु याच यंत्रावरून सामान्य सैनिकांसाठी मोठ्या संख्येने जी स्वस्त यंत्रे बनविली गेली, त्यांतून ही सोय वगळलेली आहे. युद्धाचे अर्थशास्त्र येथे भाष्यावाचून व्यक्त होते.

ही केवळ कल्पना नव्हे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातील निरीक्षण-फुग्यांतील सैनिकांना हवाई छत्र्या मिळत. विमानचालकांना मात्र युद्ध संपत येईपर्यंत त्या मिळाल्या नाहीत. म्हणजे साधन उपलब्ध होते, निर्णय झालेला नव्हता. स्फोटकाच्या जोरावर चालकाला आसनासह बाहेर फेकणाऱ्या ब्रिटिश इजेक्शन सीटची उडत्या विमानातून माणसासह चाचणी झाली ती 1946 साली.

आपल्या परंपरेला हा प्रश्न अपरिचित नाही. चक्रव्यूहात शिरण्याची विद्या असलेल्या, पण बाहेर पडण्याची नसलेल्या अभिमन्यूची कथा मराठी माणसाला बालपणापासून ठाऊक असते. त्याच महाभारतात युद्धसमाप्तीनंतर कृष्ण अर्जुनाला आधी रथातून उतरावयास सांगतो, मग स्वतः उतरतो आणि रथ जळून भस्म होतो. अर्जुनापाशी असा सारथी होता, अभिमन्यूपाशी नव्हता.

जालना जिल्ह्याच्या इतिहासात हा भेद अधिक कठोरपणे दिसतो. असई येथे 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांच्यात लढाई झाली. शिंद्यांचा तोफखाना हे त्या काळचे महायंत्रच होते. त्याच्या माऱ्यामुळे इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक मृत वा जखमी झाले. घोडदळाने फारसा भाग न घेता रणांगण सोडले. गोलंदाज मात्र संगिनींनी मारले जाईपर्यंत तोफांपाशी राहिले. काहींनी मेल्याचे सोंग घेऊन, शत्रू पुढे सरकताच, पुन्हा तोफा डागल्या. घोडेस्वाराच्या सुटकेचे साधन त्याच्या मांडीखाली होते. गोलंदाजाला तोफेवाचून स्थान नव्हते. तोफा शत्रूच्या हाती गेल्या आणि त्यांची मोजदाद झाली. गोलंदाजांची नावे कोणी जपली नाहीत.

या पार्श्वभूमीवर जयंत नारळीकर (1938–2025) यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा पुन्हा वाचावयास हवी. त्यांच्या पर्यायी इतिहासात विश्वासरावांना लागणारी गोळी थोडक्यात चुकते आणि मराठे विजयी होतात. कथेचा रोख इतिहासाच्या अनेक संभाव्य वाटांवर आहे, हे मान्यच आहे. तरीही सुटका सेनानायकाच्या वाट्याला येते आणि तिच्यामुळे इतिहास बदलतो, ही मांडणी विचार करावयास लावणारी आहे. गोलंदाज वाचल्याने इतिहास बदलेल, असे आपल्या कल्पनाशक्तीला सहसा सुचत नाही.

विज्ञानकथेकडे आपण बहुधा ‘यातील विज्ञान बरोबर आहे काय?’ या एकाच प्रश्नाने पाहतो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याच्या जोडीला ‘यातून कोणाला बाहेर पडता येते?’ हा प्रश्न वर्गात विचारला गेला पाहिजे. आज चालकरहित युद्धयंत्रे प्रत्यक्षात आली आहेत. त्यांत चालकाच्या सुटकेचा प्रश्न उरत नाही. पण यंत्राच्या खाली असलेल्या माणसाच्या सुटकेचा प्रश्न उरतोच. त्याला वाट ठेवणारी, निदान ती नसल्याची नोंद घेणारी कथा मराठीत लिहिली जावी. असईच्या गोलंदाजांचे आपल्यावर तेवढे ऋण आहे.