उचलण्याचा हुकूम एकाचा, थांबविण्याचा हक्क सर्वांचा

जड बोजा उचलताना ताकद पुरेशी असूनही घात होतो, कारण प्रश्न नुसत्या ताकदीचा नसतो, मेळाचा असतो. रेल्वे शेडमधील खलाशी बंधूंना हे सांगायला नको. चौघांनी मिळून तिजोरी उचलली आणि एकाने हात ढिला सोडला, की बाकीच्यांच्या कमरेत काय कळ येते, हे टपाल खात्यातील बंधूंनाही ठाऊक आहे.

गाझियाबाद येथील उत्तर रेल्वेच्या विद्युत इंजिन शेडचे उदाहरण घ्या. तेथे डब्ल्यूएपी-७ जातीची इंजिने आहेत. असे एक इंजिन १२३ टन भरते. त्याची बोगी बाहेर काढायची तर वरचा सांगाडा उचलावाच लागतो. भुसावळच्या आणि माटुंग्याच्या आमच्या बंधूंच्याही हे ओळखीचे काम. आता हिशेब पाहा. समजा ८० टनांचा बोजा चार जॅकवर किंवा चार हॉइस्टवर घेतला. कागदावर प्रत्येकाच्या वाट्याला २० टन येतात. परंतु सांगाडा ताठ असतो. एक कोपरा थोडा मागे राहिला की त्याचा आणि त्याच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्याचा भार सुटतो, आणि जवळजवळ सगळे वजन उरलेल्या दोन कोपऱ्यांवर येते. म्हणजे २० टनांच्या जागी ४० टनांच्या आसपास! धोका आहे तो येथे.

हा मेळ आजवर माणसाने सांभाळला. प्रत्येक यंत्रापाशी एक माणूस, मध्ये इशारा देणारा मुकादम. १९८८ साली केरळात पेरुमण येथे आयलंड एक्स्प्रेसचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले, तेव्हा ते बाहेर काढण्याच्या कामी बेपूरचे माप्पिला खलाशी आले. दोरखंड, कप्प्या आणि एका सुरातली हाक, एवढेच त्यांचे तंत्र.

आता त्या हाकेची जागा बिनतारी यंत्रणा घेत आहे. प्रत्येक हॉइस्ट किती वर गेला हे त्यावरील उपकरण मोजते, नियंत्रकाला बिनतारी संदेशाने कळविते. जो पुढे जाईल त्याचा वेग कमी होतो, आणि फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की सगळे एकदम थांबतात. जमिनीवरची केबलची जाळी जाते, पाय अडकून पडण्याची भीती जाते, आणि चालविणारा माणूस बोज्यापासून दूर, सुरक्षित जागी उभा राहू शकतो. हे चांगले आहे. अशा आधुनिकीकरणाला आमचा विरोध नाही.

यातले मूळ तत्त्व तर आपल्याच घरचे आहे. सेमाफोर सिग्नलची तार तुटली तर हात आपोआप 'धोका' दाखवतो. गाझियाबादलाच, साहिबाबादमध्ये, सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स हा सरकारी कारखाना रेल्वेसाठी अ‍ॅक्सल काउंटर बनवितो. आत गेलेले आणि बाहेर आलेले अ‍ॅक्सल जुळले नाहीत, तर मार्ग मोकळा समजला जात नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे रजिस्टर पत्रांच्या पोचपावत्या परत आणून दिल्या, त्यांनाही हे लगेच पटेल. पोच आली नाही तर काम झाले असे धरायचे नाही. बिनतारी हॉइस्टही असाच हवा. संदेश तुटला, बॅटरी उतरली, तर त्याने जागच्या जागी थांबले पाहिजे.

मग आमची काळजी कशाची? चारही हॉइस्ट एका रिमोटवर आले की 'आता एकच माणूस पुरे' असा हिशेब कुठे ना कुठे मांडला जाणार. पण यंत्र उंची मोजते. स्लिंग कडेवर घासते आहे, सांगाड्याखाली कोणी वाकला आहे, लाकडी ठोकळा सरकला आहे, हे दिसते ते माणसाच्या डोळ्याला. क्रेनच्या कामातला जुना दंडक असा, की उचलण्याचा इशारा एकानेच द्यायचा, पण 'थांबा' कोणीही म्हणावे आणि ते ऐकलेच पाहिजे. थांबविण्याचे बटण एकाच्याच खिशात गेले तर हा दंडक मोडतो.

१२ जुलै २००९ रोजी दिल्लीत जमरूदपूर येथे मेट्रोचा बांधकामातला पूल कोसळून सहा जणांचा बळी गेला. दुसऱ्याच दिवशी तेथील ढिगारा उचलताना एक क्रेन कोसळली, तिने शेजारच्या क्रेनही पाडल्या आणि आणखी माणसे जखमी झाली. दोष बिनतारी यंत्रणेचा होता असे आम्ही म्हणत नाही. एकाच कामावर अनेक यंत्रे असली की एकाचा तोल गेल्यावर दुसऱ्याचीही धडगत नसते, एवढाच धडा घ्यायचा.

१९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम २९ साखळ्या, दोर व उचलण्याची यंत्रे यांची १२ महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी सक्तीची करीत होते. त्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० च्या सुरक्षा संहितेने घेतली. कायद्याचे नाव बदलले तरी आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, बोज्याच्या प्रत्येक कोपऱ्यापाशी एक माणूस आणि त्याच्या हाताशी थांबविण्याचे बटण असावे. दुसरी, प्रत्येक उचलीपूर्वी बोजा जरासा वर घेऊन थांबावे, रिमोट मुद्दाम बंद करून सगळे हॉइस्ट थांबतात का ते पाहावे व वहीत नोंद करावी. तिसरी, प्रशिक्षण कायम कामगारांप्रमाणे कंत्राटी कामगारांनाही मिळावे. चौथी, ज्याने काम थांबविले त्याला, धोका खोटा ठरला तरी, मेमो मिळू नये.

शेवटची मागणी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. बटण कितीही चांगले असले, तरी ते दाबणाऱ्याच्या मनात वरिष्ठांची भीती असेल तर बोट पुढे होत नाही. ती भीती घालविणे हे कोणत्याही यंत्राचे काम नव्हे. ते युनियनच्या प्रत्येक शाखेचे काम आहे, आणि नवे यंत्र शेडमध्ये येण्याआधीच ते झाले पाहिजे.