चित्रवर्णनाच्या तासाला दुपारची झोप



चित्रवर्णन म्हटलं की आपण काय करतो? 'चित्रात एक झाड आहे. चित्रात दोन माणसे आहेत.' अशी पाच वाक्ये आणि शेवटी तात्पर्य. मीही तेच करायचे.

एकदा चौथीच्या वर्गाला एक जुनं फ्रेंच चित्र दाखवलं. मिले या चित्रकाराने रेखाटलेलं आणि लाव्हिएय या कारागिराने लाकडावर कोरलेलं, १८६० सालचं. शेतकऱ्याच्या दिवसाचे चार प्रहर अशी ती मालिका आहे, त्यातली ही दुपार. गंजीच्या सावलीत नवरा-बायको झोपलेत. त्याच्या तोंडावर टोपी, तिचं डोकं हातांवर. बाजूला बूट आणि विळे. लांब गाडी नि बैल.

पहिलं उत्तर आलं, "बाई, हे आळशी आहेत." वाईट वाटलं, पण चूक मुलाची नाही. आपल्या धड्यांत झोपणारा ससा नेहमी हरतोच ना!

मग एक मुलगी उठली. तिची आई सुगीत मजुरीला जाते. ती म्हणाली, "विळे दोन आहेत. म्हणजे बाईनेपण कापलंय." मी हे चित्र कितीदा तरी पाहिलं होतं, पण विळे मोजले नव्हते.

माझं म्हणणं एवढंच, की असं चित्र आधी बघू द्या, वाक्ये नंतर. मिलेने दिवसाच्या चार चित्रांतलं एक अख्खं विश्रांतीला दिलं. विश्रांतीही कष्टाच्या दिवसाचाच भाग आहे. शाळेतून आलेलं मूल जरा आडवं झालं की 'उठ, ट्यूशनला उशीर होतोय' म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी (मीसुद्धा त्यात आले) हे चित्र बघायला हवं.

आणखी एक गंमत मुलांना जरूर सांगा. लाकडी ठशात जे कोरून काढलं ते पांढरं उमटतं, जे ठेवलं ते काळं. म्हणजे चित्रातलं ते रखरखीत ऊन म्हणजे कोरून काढलेलं लाकूड! बटाट्याचा ठसा करून दाखवलात तर लगेच कळतं. पुढे १८९० च्या जानेवारीत व्हॅन गॉगने याच काळ्या-पांढऱ्या चित्रावरून पिवळ्या-निळ्या रंगांत आपलं चित्र रंगवलं. ते आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. मुलांना मात्र आधी बिनरंगाचंच द्या, रंग त्यांना ठरवू द्या.

आणि मोबाईलवर नको, प्रिंट काढा. छोट्या स्क्रीनवर विळे दिसत नाहीत.