बोलर्सची छोटी रांग

गल्लीतल्या मॅचमध्ये पहिली बॅटिंग कुणाला हवी असते? सगळ्यांना! बोलिंगला मात्र 'तू जा, तू जा' चालतं. आज भेटू या अशा एकाला, ज्याचं नशीब बोलिंगनंच उघडलं. तो आहे आपल्या कल्याणचा तुषार देशपांडे.

तुषारचा जन्म मे १९९५ मधला. लहानपणी त्याला बॅट्समनच व्हायचं होतं. निवड चाचणीसाठी तो दादरला शिवाजी पार्क जिमखान्यात गेला. बघतो तर काय, बॅट्समनची रांग ही लांबलचक! बोलर्सची रांग मात्र छोटी. आपला नंबर लागायचा नाही, असं वाटून पठ्ठ्या सरळ छोट्या रांगेत जाऊन उभा राहिला. निवड करणाऱ्यांत होते मुंबईचे थोर फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर. त्यांनी तुषारचा वेग पाहिला आणि त्याची निवड झाली.

पण खरी परीक्षा पुढेच होती. कल्याण ते दादर म्हणजे सुमारे ४५ किलोमीटर. गर्दीच्या लोकलमध्ये किट बॅग घेऊन चढून दाखवा बरं! २०१६ मध्ये तो मुंबईकडून पहिला रणजी सामना खेळला. आणि भारताची टोपी कधी मिळाली? जुलै २०२४ मध्ये, झिम्बाब्वेत हरारेला. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. मध्ये आठ वर्षं गेली!

या आठ वर्षांत मारही खूप खाल्ला. २०२३ च्या आयपीएलमधल्या पहिल्याच सामन्यात चेन्नईकडून खेळताना त्याच्या ३.२ षटकांत ५१ धावा कुटल्या गेल्या. दुसरा कुणी खचला असता. तुषारनं त्या मोसमात २१ बळी घेतले, चेन्नईकडून सर्वांत जास्त! आणि चेन्नईनं स्पर्धाही जिंकली.

बॅटिंगची हौस? तीही फिटली. फेब्रुवारी २०२४ मध्ये बडोद्याविरुद्ध अकराव्या क्रमांकावर येऊन त्यानं १२३ धावा ठोकल्या! दहाव्या क्रमांकावरच्या तनुष कोटियननंही नाबाद १२० केल्या. दहाव्या आणि अकराव्या नंबरच्या जोडीनं एकाच डावात शतकं काढल्याचं याआधी एकदाच घडलं होतं. १९४६ मध्ये इंग्लंडात, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी ते केलं होतं.

आता थोडं विज्ञान. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू बॅट्समनपर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो. हा वेग येतो कुठून? नुसत्या हातातून नाही. धाव, कंबर, पाठ, खांदा, मनगट, सगळ्यांची साखळी असते. चेंडू टाकताना पुढचा पाय जमिनीवर आपटतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर त्या पायावर येतो आणि पाठीलाही हिसका बसतो. तुमच्या वयात पाठीची हाडं अजून वाढत असतात, पुरती पक्की झालेली नसतात. अति बोलिंग केली तर मणक्याच्या हाडाला बारीक चीर पडू शकते. मग कित्येक महिने खेळ बंद!

म्हणूनच अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलमध्ये चेंडू मोजतात. तिथल्या लिटल लीगमध्ये ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ चेंडूंपेक्षा जास्त टाकू देत नाहीत, मग मॅच हातातून जात असली तरी! इंग्लंडमध्येही लहान वेगवान गोलंदाजांच्या षटकांना मर्यादा आहे.

आणि आपल्याकडे? सकाळी शाळेची मॅच, दुपारी क्लबची नेट, संध्याकाळी सोसायटीत टेनिस बॉल. सगळीकडे एकच हुकूम, 'तू फास्ट टाकतोस ना, घे बॉल!' शाळेचे सर, क्लबचे सर, सोसायटीचा कॅप्टन, जो तो आपापलीच षटकं मोजतो. बेरीज कुणीच करत नाही. ती तुम्ही करा. एका वहीत रोजचे चेंडू लिहा आणि वही दोन्ही सरांना दाखवा. पाठ दुखली तर लपवू नका. आईबाबा, 'थोडं दुखणारच' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

वेग काही पळून जात नाही, दोस्तांनो. आपल्या कल्याणकराला २९ व्या वर्षी टोपी मिळाली. तुम्ही तर अजून सातवी-आठवीत आहात!

तर मग, या आठवड्यात तुम्ही किती चेंडू टाकलेत? मोजा बरं!